शाळेचा पट आणि शाळेचा निकाल

जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शाळेविषयी गावाचे मत बनते ते निकालावरून. चौथी-पाचवीतली किती मुले अडखळता न वाचतात, शिष्यवृत्तीला किती लागली, नवोदयला कोणाची निवड झाली, एवढ्यावर शाळा चांगली की वाईट हे ठरून जाते. ज्या मुलांचा तो निकाल आहे ती कोणत्या घरांतून येतात, घरी कोणती बोली बोलतात आणि वर्षातले किती महिने गावात असतात, याची माहिती त्याच शाळेच्या दप्तरात नोंदलेली असते; पण ती सहसा निकालाशेजारी ठेवून वाचली जात नाही. प्राथमिक शाळांबद्दलचे बरेचसे गैरसमज या दोन कागदांच्या ताटातुटीतून निर्माण झाले आहेत.

महाराष्ट्रात सरकारच्या आणि स्थानिक स्वराज्य संस्थांच्या मिळून सुमारे ६५ हजार शाळा आहेत. त्यांतल्या बहुतेक जिल्हा परिषदांच्या, म्हणजे ग्रामीण भागातल्या. या व्यवस्थेची मुळे जुनी आहेत. १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे दिलेल्या निवेदनात महात्मा फुले यांनी सरकारचा महसूल रयतेच्या कष्टातून येतो आणि खर्च मात्र वरच्या वर्गांच्या शिक्षणावर होतो, हे दाखवून दिले आणि किमान बाराव्या वर्षापर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचे करण्याची मागणी केली. कोल्हापूर संस्थानात शाहू महाराजांनी १९१७ मध्ये सक्तीच्या मोफत प्राथमिक शिक्षणाचा कायदा केला. १ मे १९६२ रोजी जिल्हा परिषदा अस्तित्वात आल्या आणि गावोगावच्या प्राथमिक शाळा त्यांच्याकडे आल्या. शिक्षणहक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला, तेव्हा पहिली ते पाचवीची शाळा घरापासून एक किलोमीटरच्या आत असावी, असा दंडक आला. वाडी-वस्तीवरच्या शाळा एवढ्या संख्येने का आहेत याचे उत्तर या इतिहासात आहे.

शाळेची अधिकृत ओळख म्हणजे तिचा अकरा अंकी यू-डायस क्रमांक. जिल्हा पातळीवर शाळांची माहिती गोळा करण्याची पद्धत १९९० च्या दशकात सुरू झाली, २०१२-१३ मध्ये ती एकत्रित झाली आणि आता ‘यू-डायस प्लस’ या नावाने चालते. इयत्तावार मुले-मुली, सामाजिक प्रवर्ग, अल्पसंख्याक समाज, दारिद्र्यरेषेखालील कुटुंबे, दिव्यांग मुले, माध्यम, शिक्षकांची संख्या, खोल्या, स्वच्छतागृहे, पाणी असे सगळे त्यात भरावे लागते. पूर्वी शाळा केवळ आकडे देत असे. २०२२-२३ पासून प्रत्येक मुलाची स्वतंत्र नोंद होऊ लागली. महाराष्ट्राने ‘सरल’ प्रणालीत हे आधीच सुरू केले होते. नावनिशीवार नोंदीमुळे एकच मूल दोन शाळांच्या पटावर दाखवणे अवघड झाले, आणि ही गोष्ट लहान नाही. शिक्षकांची पदे पटावरून ठरतात, त्यामुळे पट फुगवण्याचा मोह जुना आहे. ऑक्टोबर २०११ मध्ये राज्यभर एकाच वेळी पटपडताळणी झाली तेव्हा मुलांच्या बोटांना शाई लावावी लागली होती. निवडणुकीतली शाई प्राथमिक शाळेत आणावी लागणे ही त्या काळातल्या कागदी पटावरची पुरेशी बोलकी टीका होती.

पटावर कोण आहे, याचे उत्तर जिल्ह्यागणिक बदलते. २०११ च्या जनगणनेनुसार नंदुरबार जिल्ह्यात दहापैकी सुमारे सात माणसे अनुसूचित जमातींची होती. गडचिरोलीत हे प्रमाण दहापैकी चारच्या जवळ होते. कोकणात चित्र निराळे. रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या जिल्ह्यांची लोकसंख्या २००१ ते २०११ या दशकात वाढण्याऐवजी घटली. तरुण जोडपी मुंबई-पुण्याला, गावात म्हातारी माणसे, आणि शाळेत पाच-सात मुले. मुंबई महापालिकेच्या शाळांत आणखी तिसरेच चित्र दिसते. मराठी, हिंदी, उर्दू, गुजराती, इंग्रजी, तमिळ, तेलुगू आणि कन्नड अशा आठ माध्यमांत महापालिका प्राथमिक शिक्षण देते. देशात क्वचितच एखादी स्थानिक संस्था एवढा भाषिक व्याप सांभाळत असेल. त्यातही मराठी माध्यमाचा पट ओसरत गेला आणि इंग्रजीचा वाढत गेला.

घराच्या आर्थिक स्थितीनुसार मुलांची वाटणी होते, हे आता उघड आहे. ज्याला परवडते तो पिवळ्या बसने मूल तालुक्याच्या इंग्रजी शाळेत पाठवतो. ज्याला परवडत नाही त्याचे मूल गावच्या शाळेत उरते. घरातही वाटणी होतेच. खाजगी शाळांत मुलग्यांचे प्रमाण मुलींपेक्षा जास्त असते, असे ग्रामीण भारतातली सर्वेक्षणे सातत्याने सांगतात. फी एकाचीच भरता येत असेल तर ती सहसा मुलाची भरली जाते. राज्याने १९९२ मध्ये अनुसूचित जाती, जमाती व भटक्या-विमुक्त समाजांतल्या प्राथमिक वर्गांतील मुलींसाठी दिवसाला एक रुपया उपस्थिती भत्ता सुरू केला. पुढची कित्येक वर्षे रुपया रुपयाच राहिला.

करोनाच्या काळात ही वाटणी काही काळ उलटी फिरली. ‘असर’ या सर्वेक्षणानुसार ग्रामीण भारतातल्या ६ ते १४ वयोगटातल्या मुलांपैकी २०१८ मध्ये ६५.६ टक्के सरकारी शाळांत होती. २०२२ मध्ये हे प्रमाण ७२.९ टक्क्यांवर गेले आणि २०२४ मध्ये पुन्हा ६६.८ टक्क्यांवर आले. रोजगार बुडाला, फी झेपेना, छोट्या खाजगी शाळा बंद पडल्या, म्हणून मुले परत आली. हात सैल झाल्यावर गेली. या सहा वर्षांतल्या सरकारी शाळांच्या निकालांची तुलना करणारा माणूस खरे तर तीन वेगवेगळ्या विद्यार्थिसमूहांची तुलना करत असतो.

आता निकालाकडे. प्राथमिक शाळेत तो तीन वेगळ्या मार्गांनी मोजला जातो आणि तिन्ही मार्ग वेगळी गोष्ट सांगतात.

पहिला मार्ग प्रगतिपुस्तकाचा. ऑगस्ट २०१० मध्ये राज्याने सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापनाची पद्धत आणली. वर्षभराच्या निरीक्षणातून, तोंडी कामातून, प्रकल्पांतून होणारे ते आकारिक मूल्यमापन आणि सत्राच्या शेवटी होणारे ते संकलित. पहिली-दुसरीला आकारिकचा भार ७० टक्के. इयत्ता वाढते तसा तो कमी होतो. शेवटी अ-१, अ-२, ब-१ अशा श्रेणी मिळतात. पद्धतीमागचा विचार चांगला होता. पण श्रेणी देणारा आणि शिकवणारा एकच, आणि मूल मागे पडल्याची जबाबदारी त्याच्यावरच, अशा स्थितीत श्रेण्या वर सरकल्या तर नवल नाही. ‘ब-१’ मिळालेले मूल दुसरीचा उतारा वाचू शकते का, हे श्रेणीवरून कळत नाही. शिक्षणहक्क कायद्याच्या २०१९ च्या दुरुस्तीने राज्यांना पाचवी व आठवीत परीक्षा घेण्याची मुभा मिळाली, आणि महाराष्ट्राने २०२३-२४ पासून या दोन इयत्तांना वार्षिक परीक्षा आणि नापासांसाठी फेरपरीक्षा लागू केली.

दुसरा मार्ग सरकारच्या राष्ट्रीय संपादणूक सर्वेक्षणाचा. २०१७ आणि २०२१ मध्ये नोव्हेंबर महिन्यात तिसरी, पाचवी, आठवीच्या (२०२१ मध्ये दहावीच्याही) मुलांची चाचणी झाली. ४ डिसेंबर २०२४ रोजी ‘परख’ या नावाने नवे सर्वेक्षण झाले. त्यात तिसरी, सहावी आणि नववी अशा इयत्ता होत्या आणि देशभरातल्या सुमारे ७४ हजार शाळांतली २१ लाखांवर मुले होती. चाचणी शाळेत होते, प्रश्न बहुपर्यायी असतात आणि त्या दिवशी हजर असलेल्या मुलांतूनच नमुना निवडला जातो. जी मुले ऊसतोडीला गेली किंवा घरी धाकट्या भावंडाला सांभाळत राहिली, ती या मोजणीत नसतात. २०१७ च्या सर्वेक्षणातली राज्यांची सरासरी इतर स्वतंत्र सर्वेक्षणांशी ताडून पाहणाऱ्या संशोधकांना ती बरीच वर आढळली.

तिसरा मार्ग ‘असर’चा. मुंबईत उगम पावलेल्या ‘प्रथम’ संस्थेच्या पुढाकाराने २००५ पासून हे सर्वेक्षण होते. प्रत्येक ग्रामीण जिल्ह्यात ३० गावे, प्रत्येक गावात २० घरे. चाचणीसाठी स्वयंसेवक शाळेत न जाता घरी जातात आणि मुलाला समोर बसवून वाचायला लावतात: आधी अक्षरे, मग शब्द, मग पहिलीचा परिच्छेद, मग दुसरीची गोष्ट. गणितात अंक ओळखण्यापासून तीन अंकी संख्येला एक अंकी संख्येने भागण्यापर्यंत. चाचणी अगदी तळाची आहे, आणि तिचे महत्त्व त्यातच आहे. देशातल्या ग्रामीण भागात तिसरीतल्या ज्या मुलांना दुसरीचा मजकूर वाचता येतो त्यांचे प्रमाण २०१८ मध्ये २७.३ टक्के, २०२२ मध्ये २०.५ टक्के आणि २०२४ मध्ये २७.१ टक्के होते. फक्त सरकारी शाळा घेतल्या तर २०२२ ते २०२४ या दोन वर्षांत हा आकडा १६.३ वरून २३.४ वर चढला. चढ मोठा आहे. तरी तिसरीतल्या चार मुलांपैकी तिघांना दुसरीचे पुस्तक अजून वाचता येत नव्हते, हेही तोच आकडा सांगतो.

पट निकालाला कसा वळण देतो, याची कारणे पाहिली की शिक्षक काय सांगत असतात ते कळते. पहिले कारण भाषा. मेळघाटातले मूल घरी कोरकू बोलते, भामरागडचे माडिया, धडगावचे पावरी. पहिलीच्या पुस्तकातली प्रमाण मराठी त्याच्यासाठी परकीच असते. त्याला एकाच वेळी वाचायलाही शिकायचे असते आणि ज्या भाषेत वाचायचे ती भाषाही. त्याच तालुक्याच्या गावी, मराठी बोलणाऱ्या घरातले मूल फक्त पहिले काम करत असते. दोघांची तिसरीच्या अखेरीस एकच चाचणी घेतली तर फरक दिसणारच, आणि त्या फरकाला शाळेचा दर्जा म्हणणे चूक आहे. असे असूनही दोन-तीन वर्षे शिक्षकाने मुलांची बोली शिकून घेतली, चित्रे आणि स्थानिक गोष्टींतून मराठीकडे पूल बांधला, तर अंतर कमी होते. अशा शिक्षकाची बदली झाली की ते पुन्हा वाढते, हेही प्रत्येक केंद्रप्रमुखाला ठाऊक असते.

दुसरे कारण स्थलांतर. बीड, अहिल्यानगर, जालना या जिल्ह्यांतली कुटुंबे दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला बाहेर पडतात आणि उन्हाळ्याच्या तोंडाशी परततात. नवरा-बायकोच्या जोडीला तिथे ‘कोयता’ म्हणतात. मुले कोयत्याबरोबर फडावर जातात. जूनला पटावर असलेले मूल नोव्हेंबर ते मार्च वर्गात नसते, म्हणजे दुसरे सत्र जवळजवळ पूर्ण बुडते. मराठवाड्यातल्या हंगामी वसतिगृहांनी, कारखान्यांवरच्या साखरशाळांनी आणि ठाणे-पालघरच्या वीटभट्ट्यांवरच्या भोंगाशाळांनी हे नुकसान काही प्रमाणात भरून काढले. ज्या गावात वसतिगृह वेळेवर, म्हणजे टोळ्या निघण्याआधी सुरू होते, तिथे मुले मागे राहतात. ते महिनाभर उशिरा मंजूर झाले की आजीकडे ठेवता येतील तेवढीच मुले उरतात. बाकीची फडावर पोचलेली असतात. निकालपत्रकात या एका महिन्याची कुठेच नोंद होत नाही.

तिसरे कारण निव्वळ अंकगणिताचे आहे आणि त्याकडे सर्वांत कमी लक्ष जाते. २०२३ मध्ये राज्यात वीसपेक्षा कमी पटाच्या सुमारे १५ हजार शाळा होत्या आणि त्यांत मिळून सुमारे १ लाख ८५ हजार मुले होती, म्हणजे एका शाळेत सरासरी तेराही नाहीत. अशा शाळेच्या चौथीत समजा चार मुले आहेत. एक मूल हुशार निघाले तर निकाल २५ टक्क्यांनी वर, एक आजारी पडले तर २५ टक्क्यांनी खाली. शिक्षक तोच, शिकवणे तेच. अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलायना राज्याच्या प्राथमिक शाळांचे निकाल तपासताना टॉमस केन आणि डग्लस स्टायगर या अर्थशास्त्रज्ञांनी हेच दाखवले होते: गुणवत्ता यादीच्या माथ्यावर लहान शाळा जास्त दिसतात आणि तळालाही लहान शाळाच जास्त दिसतात, कारण लहान संख्येत योगायोगाचा वाटा मोठा. तालुक्यातली ‘पहिली आलेली’ शाळा पुढच्या वर्षी मागे पडली की सत्कार करणारेच चौकशी लावतात. दोन्ही वेळा बहुधा फक्त वर्ग बदललेला असतो.

लहान पटाचा एक खरा तोटाही आहे. शिक्षणहक्क कायद्याप्रमाणे साठ मुलांपर्यंत दोन शिक्षक. म्हणजे पाच इयत्ता दोघांत. एक गुरुजी पहिली-दुसरी सांभाळणार, दुसऱ्या बाई तिसरी ते पाचवी. त्यांतला एक जण प्रशिक्षणाला, बैठकीला किंवा ऑनलाइन माहिती भरायला गेला की उरलेल्याकडे अख्खी शाळा. आसपासच्या लहान शाळा एकत्र करणाऱ्या समूह शाळांचा प्रस्ताव यातूनच आला. पुणे जिल्ह्यातले पानशेत आणि नंदुरबारमधले तोरणमाळ ही त्याची दाखल्याची ठिकाणे. मोठ्या शाळेत इयत्तेला शिक्षक मिळतो हे खरे, पण सह्याद्रीच्या पावसात सहा वर्षांच्या मुलीला रोज गाडीने चार-पाच किलोमीटर पाठवायला किती घरे तयार होतील, हा प्रश्न कागदावर सुटत नाही.

मग शाळेचा स्वतःचा वाटा किती? १९६६ मध्ये अमेरिकेत समाजशास्त्रज्ञ जेम्स कोलमन यांच्या नेतृत्वाखाली सुमारे चार हजार शाळांचा अभ्यास झाला. मुलांच्या गुणांतला फरक शाळेच्या सोयींपेक्षा घराच्या परिस्थितीवरून आणि वर्गसोबत्यांवरून अधिक उलगडतो, हा त्याचा निष्कर्ष अनेकांना हादरवून गेला. ‘शाळेने काही फरक पडत नाही’ असा त्याचा सोयीस्कर अर्थ पुष्कळांनी काढला. १९८३ मध्ये स्टीफन हेनेमन आणि विल्यम लॉक्सली यांनी २९ देशांची माहिती ताडली, तेव्हा गरीब देशांत शाळेचा आणि शिक्षकाचा प्रभाव श्रीमंत देशांपेक्षा पुष्कळ मोठा आढळला. त्यात नवल काही नाही. ज्या घरात दुसरे पुस्तकच नाही तिथे शाळेतले पुस्तक हेच पुस्तक.

सरकारी विरुद्ध खाजगी या वादाला आंध्र प्रदेशातल्या एका मोठ्या प्रयोगाने चांगला उजेड दिला. कार्तिक मुरलीधरन आणि व्यंकटेश सुंदररामन यांनी सरकारी शाळांतल्या मुलांमधून सोडत काढून काहींना खाजगी शाळेची फी दिली. सोडत असल्यामुळे दोन्ही गटांतल्या घरांची परिस्थिती सारखीच होती. चार वर्षांनी तेलुगू आणि गणितात दोन्ही गट बरोबरीत होते. खाजगी शाळांतली मुले हिंदीत पुढे होती, कारण तिथे हिंदी शिकवली जात होती. खाजगी शाळांचा दर मुलामागचा खर्च मात्र सरकारीच्या तिसऱ्या हिश्श्याहूनही कमी होता. एरवी आकडेवारीत दिसणारी खाजगी शाळांची आघाडी बऱ्याच अंशी त्यांच्या दारात कोण येते यावर उभी असते, आणि कमी पैशांत तेवढेच शिकवून दाखवणे ही त्यांची बाजूही नाकारता येत नाही. दोन्ही पक्षांनी या अभ्यासातले आपल्या सोयीचे अर्धेच वाक्य उचलले.

पट तोच ठेवून निकाल सुधारता येतो, याचा एक भक्कम पुरावा मुंबईचा आहे. महापालिकेच्या आणि बडोद्याच्या शाळांत ‘प्रथम’ने बालसखी कार्यक्रम चालवला. तिसरी-चौथीतली मागे पडलेली मुले रोज दोन तास वर्गाबाहेर घेऊन वस्तीतलीच एखादी शिकलेली तरुणी त्यांना अक्षरओळख आणि साधी बेरीज-वजाबाकी शिकवत असे. अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेल्या मूल्यमापनात गुणांत स्पष्ट वाढ दिसली, आणि ती मुख्यतः तळाच्या मुलांची होती. घरे तीच, शाळा तीच. इयत्तेचे पुस्तक पुढे रेटण्याऐवजी मूल जिथे आहे तिथून शिकवायला सुरुवात केली, एवढाच बदल. महाराष्ट्रात २०१५ चा ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’ कार्यक्रम आणि २०२१ मध्ये देशभर सुरू झालेले ‘निपुण भारत’ अभियान याच धाग्यावर आहेत. सातारा जिल्ह्यातल्या कुमठे बीटमधल्या शाळा पाहायला त्या काळात राज्यभरातून शिक्षक जात असत. खडू-फळ्याऐवजी जमिनीवर आखलेली वर्तुळे, गोट्या, काड्या आणि शब्दपट्ट्या यांवर तिथे भर होता. सगळीकडे ते उतरले असे मात्र नाही. जमीन रंगवून झाली आणि शिकवणे जुनेच राहिले, अशाही शाळा पुष्कळ निघाल्या.

शिरूर तालुक्यातल्या वाबळेवाडीसारख्या शाळांनी वेगळाच प्रश्न उभा केला. शाळेचे नाव झाले, प्रवेशासाठी बाहेरगावचे पालक रांग लावू लागले. नाव झाले की पट बदलतो आणि पट बदलला की निकाल आणखी चढतो. त्यातला अध्यापनाचा वाटा किती आणि नव्याने आलेल्या जागरूक पालकांचा किती, हे मग वेगळे काढता येत नाही. शिक्षणहक्क कायद्यातल्या २५ टक्के राखीव जागांमुळे याच्या उलट घडते: गावच्या शाळेतली धडपड्या पालकांची मुले खाजगी शाळेत जातात. फेब्रुवारी २०२४ मध्ये राज्याने एक किलोमीटरच्या आत सरकारी वा अनुदानित शाळा असल्यास खाजगी शाळांना या अटीतून सूट दिली होती; जुलैमध्ये मुंबई उच्च न्यायालयाने ती रद्द केली.

पटाचा वाटा आणि शाळेचा वाटा वेगळा काढण्याच्या अडचणीवर एक व्यवहार्य तोडगा आहे. एका वर्षीच्या चौथीची आदल्या वर्षीच्या चौथीशी तुलना न करता, तीच मुले दुसरीत कुठे होती आणि चौथीत कुठे पोचली हे पाहायचे. अमेरिकेतल्या टेनेसी राज्याने १९९० च्या दशकात हा हिशेब मोठ्या प्रमाणावर मांडला. त्यातही त्रुटी आहेत. लहान वर्गात योगायोग तिथेही डोकावतोच, म्हणून तीन-चार वर्षांचे आकडे एकत्र घ्यावे लागतात. पण अक्षरांपासून सुरुवात करून परिच्छेदापर्यंत आलेली पाड्यावरची शाळा आणि परिच्छेदापासून सुरुवात करून तिथेच राहिलेली बाजारपेठेतली शाळा यांतला फरक याच हिशेबात दिसतो.

पालकांना यातले बरेचसे स्वतः पाहता येते. यू-डायसवरचे शाळेचे माहितीपत्रक सर्वांना खुले आहे; त्यात इयत्तावार पट, शिक्षक, खोल्या आणि सुविधा दिसतात, पण मुले काय शिकली हे त्यात नसते. राष्ट्रीय सर्वेक्षण जिल्ह्याचा निकाल सांगते, गावच्या शाळेचा नाही. ‘असर’ तर शाळेत जातो तो पट, हजेरी आणि सुविधा पाहायला. मुलांची चाचणी घरीच होते. तेव्हा शाळेपुरते उत्तर शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीतच मिळू शकते. या समितीत कायद्याने तीनचतुर्थांश सदस्य पालक आणि निम्म्या महिला असाव्या लागतात. पट, गेल्या तीन महिन्यांची हजेरी, स्थलांतरित मुलांची यादी आणि वाचनचाचणीत प्रत्येक मूल कोणत्या पायरीवर आहे त्याची नोंद, हे चार कागद एका टेबलावर मागण्याचा अधिकार या सदस्यांना आहे. बहुतेक बैठका मात्र खिचडीचा तांदूळ, गळके छत आणि सह्या यांवर आटोपतात.